एका पानात न बसलेली ओळ

आमच्या केंद्रात कोणाचं खरं नाव फार दिवस टिकत नसे. मी चित्रं काढायचे म्हणून चित्रवाली. संचालकांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'थोडक्यात' म्हणायचे, कारण समोरच्याने तोंड उघडलं रे उघडलं की ते म्हणत, "थोडक्यात सांगा." आणि सबंध केंद्राचं लिखाण जो एकटा ओढायचा त्याला म्हणायचे एकपानी. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो, चौदा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो, त्यामुळे अहोजाहो कधी जमलंच नाही. त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, तर आधीच सांगून टाकते: हे मी एका पानात बसवणार नाही. मुद्दाम बसवणार नाही.

केंद्राचं काम ऐकायला सोपं होतं. हवामान बदलत चाललं होतं आणि जिथे तिथे लोक आपापल्या परीने त्याला तोंड देत होते. डोंगरात कोणी घसरणारी माती धरून ठेवायची युक्ती काढली होती, नदीकाठी कोणी घराचं जोतं उंच करायची. एका भागातल्या लोकांना जे सुचलं ते दुसऱ्या भागातल्या लोकांपर्यंत पोचवायचं, म्हणजे प्रत्येकाला नव्याने ठेच खायला नको, एवढंच आमचं काम. त्यासाठी आम्ही पत्रकं काढायचो. एक पान, एक उपाय. वरच्या अर्ध्या भागात माझं चित्र, खाली ठळक अक्षरांत बावीस ओळी. मागची बाजू कोरी, कारण पत्रक भिंतीला चिकटवायचं असतं आणि भिंतीकडची बाजू कोण वाचणार? नियम संचालकांचा होता, आणि मी कितीही नाक मुरडलं तरी नियम चांगला होता. जाडजूड अहवाल कपाटात जातात, एक पान भिंतीवर जातं.

बावीस ओळींत बसवणं ही एकपानीची विद्या. तो कुठल्याही गावात जाऊन माणसाशेजारी बसे, दोन-दोन तास ऐके, पेन्सिलीने वहीची दहा-बारा पानं भरे. त्या माणसाचेच शब्द, जसेच्या तसे. शेवटी सगळं त्याला वाचून दाखवी आणि विचारी, "तुम्ही म्हणालात ते हेच ना?" मग टेबलावर येऊन लाल पेनने कापायला घेई. कापताना शब्दांशी बोलायची सवय होती त्याला. "तू जा. तू पण जा. तू थांब, तुझ्याशिवाय भागायचं नाही." तोवर चहा येऊन गार झालेला असे, वर साय धरलेली असे. तो एका घोटात पिऊन तोंड वाकडं करी आणि म्हणे, "आज चहा बरा नाही." चौदा वर्षं तोच चहा, तेच वाकडं तोंड. केंद्राच्या समारंभात कोणी त्याला बोलायला उभं केलं तर म्हणायचा, "आभारी आहे," आणि खाली बसायचा. त्याच्या भाषणाला सगळ्यात जास्त टाळ्या पडत.

पत्रक छापायला जाण्यापूर्वी आणखी एक पायरी होती आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. एकपानीची एक थोरली बहीण किनाऱ्यावरच्या शहरात राहायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने चौथीतून शाळा सोडली आणि शिवणाच्या मशीनवर बसून याला शिकवलं. ती वाचायची ते ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. दर रविवारी सकाळी हा तिला फोन करून नवं पत्रक वाचून दाखवी. ताईला कळलं की जगाला कळलं. ताई ऐकून घेई आणि एकच काहीतरी विचारी. पाणी साठवण्याच्या पत्रकावर तिने विचारलं होतं, "ते सगळं ठीक, पण झाकण कोण धुणार?" आमच्या तज्ज्ञ समितीतल्या सात जणांपैकी एकालाही झाकण आठवलं नव्हतं. सोमवारी एकपानी एक ओळ कापून झाकणाची ओळ घालताना दिसला की आम्ही समजायचो, ताईने परीक्षा घेतली. आमच्यापैकी कोणी तिला पाहिलेलंही नव्हतं, पण केंद्रात तिचा दरारा होता.

आता एकेचाळीसाव्या पत्रकाकडे येते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

त्यासाठी आम्ही दोघं कोरड्या भागात गेलो होतो. तिथे उन्हाळा पूर्वीपासून कडक, आणि आता तर जीव नकोसा करणारा. एका म्हाताऱ्या गवंड्याने आम्हाला दुपारी दोन वाजता त्याच्या घरात नेलं आणि म्हणाला, "बोलू नका. नुसते उभे राहा." बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत अंगावरचा घाम हळूहळू सुकत गेला. त्याने सांगितलं: सकाळी दहाला सगळ्या खिडक्या-दारं बंद. खिडकीला आतून ओलं जाड कापड. दुपारी काही झालं तरी उघडायचं नाही. ऊन उतरलं की सगळं सताड उघडं, भिंती रात्रभर गार होऊ द्यायच्या. मग त्याने भिंतीवर थाप मारली. "पण ही किमया हिची आहे, दीड हात जाड आहे ती. आणि आमची हवा कोरडी. पत्र्याच्या घरात, दमट हवेत असलं काही केलंत तर आतला माणूस वाफेवर शिजेल." एकपानीने सगळं वाचून दाखवल्यावर तो मान डोलावत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हे शेवटचं नीट लिहा हं. लोक अर्धंच ऐकतात."

मी तिथे होते. मी माझ्या कानांनी ऐकलं.

शनिवारी पत्रक जुळवायला बसलो तर दोन ओळी जास्त. सोमवारी वार्षिक मेळावा, सगळ्या भागांतली माणसं येणार, छापखाना रविवारी फक्त आमच्यासाठी उघडणार. संचालक आले, कागद बघितला आणि म्हणाले, "चित्र लहान करा, नाहीतर मजकूर कापा."

"चित्र लहान होणार नाही," मी म्हणाले. "ज्यांना वाचता येत नाही त्यांनी बघायचं काय? खिडकी काडेपेटीएवढी दिसेल."

मुद्दा खोटा नव्हता. पण त्या चित्रावर माझा जीव जडला होता हेही खरं. बंद खिडकी, तिच्यावर ओलं कापड, कापडाच्या कडेवरून ठिबकणारे तीन थेंब, आणि खाली खाटेवर निवांत झोपलेला माणूस. ते थेंब मला फार छान जमले होते. ते लहान करायला सांगितलं म्हणून मला राग आला होता, आणि रागात मी नेहमी बरोबरच असते.

एकपानी तासभर कागदावर वाकून बसला. बाकीच्या सगळ्या ओळी करायच्या गोष्टींच्या होत्या. एक काढली तर पुढची लंगडी पडत होती. न करायची गोष्ट एकच, गवंड्याने शेवटी सांगितलेली, आणि नेमक्या तिनेच दोन ओळी खाल्ल्या होत्या. संचालक म्हणाले, "काय करू नये ते आपण पुस्तिकेत घेऊ. आणि हे पत्रक कोरड्या भागातच जाणार ना? तिथे भिंती जाडच असतात." एकपानीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते. त्याने लाल पेन उचललं आणि गवंड्याच्या ओळीवरून फिरवलं. त्या दिवशी तो शब्दांशी काही बोलला नाही. रविवारी छापखान्यात उभा होता म्हणून ताईला फोनही राहिला. पुस्तिका आजतागायत निघालेली नाही.

मेळाव्याच्या दिवशीच तो पुढच्या कामासाठी डोंगरात निघून गेला. टेबलं मी सांभाळली. प्रत्येक भागाच्या टेबलावर त्या त्या भागातले उपाय मांडलेले, आणि ज्याला जे हवं ते त्याने न्यावं, अशी पद्धत. आमच्या सगळ्या खटाटोपाचा तो सोहळाच म्हणा ना. किनाऱ्याकडच्या आरोग्यसेविका त्या वर्षी हवालदिल होत्या. त्यांच्याकडे असा उकाडा पूर्वी कधी पडलाच नव्हता, आणि तोंड कसं द्यायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या चित्राकडे बघितलं आणि एकेचाळीसाव्या पत्रकाचे गठ्ठेच्या गठ्ठे उचलले. मीच त्यांना दोऱ्या बांधून दिल्या.

एकपानी परत आल्यावर मी त्याला म्हटलं, "आपलं एकेचाळीसावं सगळ्यात जास्त गेलं."

"कुठे?"

"सगळीकडे," मी म्हणाले.

तो खूश झाला. मीही खूश होते. पुढे तो मला एकदा म्हणाला होता, "कसं असतं माहितीये? कापलेली ओळ माझ्या डोक्यातून कापली जात नाही. मी ते पत्रक आठवलं की ती ओळ मला पानावर दिसतेच." त्याच्या लेखी पत्रक पुरं होतं. लोकांच्या भिंतीवर ते अर्धं होतं.

पुढचा उन्हाळा किनाऱ्यावर आला तो असा की कपडे वाळेनात आणि घाम सुकेना. ताईचं घर म्हणजे एका गल्लीतली पत्र्याची लांबट खोली. वर पत्रा, बाजूंना पत्रा. पुढच्या बाजूला तिचं मशीन आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग, मागच्या बाजूला खिडकीखाली भाऊजींची खाट. भाऊजी गोदीत वेल्डर होते, पहाडासारखा माणूस. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली तरी चेष्टा सुटली नव्हती. मेव्हण्याला म्हणायचे, "काय पानवाले, या महिन्यात जगाला काय शिकवलंत?"

आरोग्यसेविकेने गल्लीत पत्रकं वाटली. ताईने ती चित्राची धाटणी लगेच ओळखली. ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं, खिळा ठोकला आणि पत्रक खाटेच्या वर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खिडकी बंद, दार बंद, ओली चादर टांगलेली. गल्लीतल्या बायकांना सांगितलं, "माझ्या भावाने लिहिलंय. चुकीचं असायचं नाही."

त्या रविवारी एकपानी पुन्हा कुठल्यातरी डोंगरात होता. मोबाईलला रेंज फक्त एका टेकाडावर, तिथे उभं राहून त्याने ताईला फोन केला. "उकाडा फार ऐकतोय तुमच्याकडे. भाऊजी कसे आहेत?"

"कुरकुर करतात," ताई म्हणाली. "पण तू काळजी नको करू. तुझ्या कागदाप्रमाणेच सगळं चाललंय."

त्याला वाटलं अडतिसावं पत्रक, घोटाघोटाने मिठाचं पाणी पाजायचं. "शाब्बास!" तो म्हणाला. कोणता कागद, हे त्याने विचारलं नाही. सोमवारी आल्या आल्या मला कौतुकाने सांगितलं, "ताई माझं पत्रक तंतोतंत पाळतेय बघ."

गुरुवारी भाऊजी गेले.

तो तातडीने गेला, चार दिवसांनी परत आला आणि सरळ माझ्या टेबलापाशी येऊन बसला. आवाज अगदी सपाट. "खोलीत पाऊल टाकलं आणि समोर तुझं चित्र," तो म्हणाला. "खिडकी बंद. चादर ओली. तोंडावर वाफ आली. मला काही विचारावंच लागलं नाही."

मी म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले? आजारी होतेच ना ते?" ऐकू यावं म्हणून बोलले ते, माझं मलाच.

त्याने मान हलवली. "ते आठ दिवस तिला म्हणत होते, उघड गं, उघड. स्वतः उठता येत नव्हतं. ती म्हणायची, कागदात नाही म्हटलंय. बुधवारी दुपारी तिला राहवलं नाही. तिने अर्धा तास खिडकी उघडली. हात बाहेर काढून बसले होते म्हणे भाऊजी. हसले तिच्याकडे बघून. मग तिने घाबरून परत लावून घेतली. दुसऱ्या दिवशी ते गेले. तिला वाटतंय, तिने अर्धा तास उघडली म्हणून गेले. आल्या-गेल्याला तेच सांगतेय. माझे पाय धरायला आली, चित्रवाली. म्हणाली, तू एवढं लिहून ठेवलं होतंस, मीच माती केली."

"मग तू काय म्हणालास?"

"घर माणसांनी भरलं होतं," तो म्हणाला.

म्हणजे तो काही बोलला नव्हता. मला त्याचा संताप आला आणि कीवही. पण संतापायचं तोंड मला कुठे होतं? दोन ओळींची जागा माझ्या तीन थेंबांनी खाल्ली होती. हे त्याने मला कधीच ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मी कडाकडा भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

तो संचालकांकडे गेला. दुरुस्तीचं पत्रक आजच्या आज काढा, किनाऱ्यावर घराघरात पाठवा. संचालक दुष्ट माणूस नाहीत, हे मला लिहायलाच हवं. ते बराच वेळ डोकं धरून बसले. मग म्हणाले, "एक चुकलं म्हणून जाहीर केलं की बाकीची साठ पत्रकं लोक फाडून टाकतील. त्यात पुराची आहेत, दरडीची आहेत. ती पण माणसं वाचवतात. पुढच्या उन्हाळ्याआधी सुधारित आवृत्ती काढू. गाजावाजा न करता." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हेच तर वाईट. उघडउघड मूर्खपणा असता तर निदान डोकं फोडायला भिंत तरी मिळाली असती.

एकपानीने मग स्वतःच पान काढलं. कापलेली ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत: पत्र्याच्या घरात खिडक्या बंद करू नका. प्रती काढून पिशवीत घातल्या आणि दर रविवारी किनाऱ्यावर जायला लागला. दारं ठोठावायची, पान द्यायचं. लोक उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "याच्यावर केंद्राचा शिक्का कुठाय?" एका गृहस्थाने त्याला बसवून पाणी दिलं आणि एकेचाळीसावं पत्रक दाखवून समजावलं, "हे बघा, हे खरं. असली खोटी पानं वाटत फिरू नका, कोणाचा तरी जीव जायचा." ज्या पत्रकाचं अक्षर न् अक्षर याने लिहिलं, ते पत्रक त्याला शिकवण्यात आलं. एरवी अशी गोष्ट तो मला रंगवून सांगायचा. ही त्याने सरळ सांगितली आणि गार चहा पिऊन टाकला. बरा नाही, असंही म्हणाला नाही.

एकदा मी त्याच्याबरोबर गेले. आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर माझं चित्र पुरुषभर उंचीचं रंगवलेलं होतं. कोण रंगारी होता कोणास ठाऊक, पण हात माझ्यापेक्षा चांगला. थेंब तिनाचे सात केले होते. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. एकपानी उभा राहून बघत होता. म्हणाला, "चित्र पोचलं, नाही?"

सगळ्या शहरात हिंडून तो एका गल्लीत जायचं मात्र टाळत होता, ताईच्या. तिथे पान वाटलं तर ते तिच्या हातात पडणार, आणि मग सांगावं लागणार. नाही सांगितलं तर ती जन्मभर त्या अर्ध्या तासासाठी स्वतःला खात राहणार. सांगितलं तर त्या अर्ध्या तासाबद्दल सुटेल, पण आठ दिवस नवरा उघड म्हणत होता आणि तिने उघडलं नाही, हे तिच्या पदरात पडणार, आणि भाऊही हातचा जाणार. वर्ष असंच गेलं. सुधारित आवृत्ती समितीपुढे पडून राहिली. ऊन पुन्हा तापायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "तू येतोस की मी एकटी जाऊ?" तेव्हा कुठे तो उठला.

सकाळी नऊला पोचलो. दार उघडं होतं, ताई मशीनवर बसून गणवेशाच्या बाह्या जोडत होती. लहानखुरी बाई, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला बघून म्हणाली, "तुम्ही त्या चित्रवाल्या ना? बसा बसा. तुमची खिडकी रोज बघते मी." खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. वर खिळ्याला पत्रक, आता प्लास्टिकच्या पिशवीत, खराब होऊ नये म्हणून. तिने चहा ठेवला. एकपानी चहा येईपर्यंतही थांबला नाही.

त्याने सगळं सांगितलं. गवंडी, दीड हाताची भिंत, शनिवार, दोन ओळी, लाल पेन. पुढे म्हणाला, "ताई, तू खिडकी उघडलीस तेच बरोबर होतं. तेवढाच अर्धा तास त्यांना बरं वाटलं असेल. बंद ठेवायला सांगितलं ते चुकलं. मी चुकलो. भाऊजी माझ्यामुळे गेले."

ताईने गॅस बारीक केला. येऊन त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "वर्षभर हेच जुळवत बसला होतास होय रे?" ती म्हणाली. "माझ्या मनाला लागलंय म्हणून."

"अगं जुळवत नाही. हे बघ." त्याने वही काढली, ते पान उघडलं. तिने चष्मा नाकावर चढवला, ओळीखाली बोट धरलं आणि ओठ हलवत वाचत गेली. आतला माणूस वाफेवर शिजेल, इथे बोट थांबलं. मला वाटलं, आता. तिने बोट काढून घेतलं.

"हे पेन्सिलीतलं आहे," ती म्हणाली. "तुझंच अक्षर. छापलेल्यात असं काही नाही."

त्याने स्वतः काढलेलं पान दिलं. तिने तेही वाचलं. "याच्यावर शिक्का नाही. लहानपणी बाटली फोडलीस तू आणि मी ओरडा खाल्ला, आठवतं? तेव्हापासून तुझं हे चाललंय, माझं ओझं उचलायचं. माझी चूक माझी आहे. मला सांभाळता येते ती."

मग मी बोलले. "ताई, तो खरं सांगतोय. मी तिथे होते. ती ओळ गेली ती माझ्या चित्रासाठी. मी चित्र लहान करू दिलं नाही."

तिने माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला ते सहन होईना. "तुम्हालाही पढवून आणलं त्याने," ती म्हणाली. "भाग्य लागतं असा भाऊ मिळायला."

तेवढ्यात तिची नजर घड्याळाकडे गेली. दहा वाजत आले होते. ती उठली. कोपऱ्यातल्या बादलीत चादर बुडवली, पिळली आणि खिडकीवर टांगली. खिडकी लावून घेतली, कडी घातली. मग दार. खोलीत एकदम अंधारलं, आणि बघता बघता श्वास जड व्हायला लागला. एकपानी उठून खिडकीकडे गेला. तिने त्याचं मनगट धरलं.

"नको रे. एकदा ऐकलं नाही, काय झालं ते बघितलंस ना? आता मी चुकत नाही. आणि एकटीपुरतं नाही बघत. पलीकडच्या घरात ती पोर नऊ महिन्यांची गरोदर आहे. तिलाही रोज बजावते, काही झालं तरी उघडू नकोस म्हणून."

एकपानीने मनगट सोडवून घेतलं आणि तो दार उघडून बाहेर गेला. जाताना दार मागे लोटलं गेलं. ताईने कडी लावली आणि चहा गाळायला घेतला.

भिंत पत्र्याची, त्यामुळे पलीकडचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. तो दार ठोठावत होता. "खिडकी उघडा, बाई. दार उघडा. ते पत्रक चुकीचं आहे. पाया पडतो, उघडा."

आतून दमलेला, पण ठाम आवाज आला. "कोण आहात तुम्ही? जा इथून. ज्यांच्या भावाने ते लिहिलंय ना, त्या ताई इथे शेजारीच राहतात. त्यांना जाऊन विचारा."

ताईने माझ्या हातात चहाचा कप दिला. कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"ऐकलंत?" ती मला म्हणाली. "नीट पाळते पोर."